हेड उतरल्यानंतर ब्लॉककडे पाहताना

मोटारीचे हेड गॅस्केट गेले, असे मिस्त्रीने सांगितले म्हणजे मालकाच्या मनात प्रथम दोनच प्रश्न उभे राहतात : खर्च किती येणार आणि गाडी केव्हा मिळणार. पुढील दोन-चार दिवसांत जे घडते तेही बहुतेक ठिकाणी एकाच ठरावीक क्रमाने घडते. हेड उतरवले जाते, रिक्षात घालून लेथवाल्याकडे रवाना होते, तेथे त्याला फेसिंग मारले जाते, व्हॉल्व्ह घासून बसवले जातात, आणि धुऊनपुसून लखलखीत झालेले ते हेड दुसऱ्या दिवशी परत येते. नवे गॅस्केट बाजारातून आणले जाते. आणि या सर्व धावपळीत, ज्या बिडाच्या अवजड ठोकळ्यावर हे हेड आणि हे गॅस्केट बसायचे असते तो इंजिनाचा ब्लॉक बॉनेटखाली उघडाच्या उघडा, धूळ खात पडून राहतो. हेड सहज उचलून नेता येते म्हणून त्याची तपासणी होते. ब्लॉक हलवायचा तर सबंध इंजिन उतरवावे लागते, म्हणून त्याच्यावरून एक ओले फडके फिरवले की काम भागले, असे समजण्याची रीत पडून गेली आहे. माझ्या मते या दुरुस्तीतील यशापयशाचा मोठा वाटा या दुर्लक्षित पृष्ठभागाकडे जातो, आणि नव्याने बसवलेले गॅस्केट थोड्याच महिन्यांत पुन्हा गेल्याच्या ज्या तक्रारी कानी येतात त्यांचे मूळ पुष्कळदा गॅस्केटच्या खाली जे तपासायचे राहून गेले त्यातच सापडते.

ज्या नळकांड्यांत पिस्टन वरखाली धावतात ते सिलिंडर, त्यांच्याभोवती पाणी खेळविणाऱ्या पोकळ्या आणि ऑइल वाहून नेणाऱ्या बारीक वाटा, या सर्वांना एकाच ओतकामात सामावून घेणारा धातूचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याच्यावर हेड बसते, आणि दोहोंच्या मध्ये एखाद-दीड मिलिमीटर जाडीचा जो थर असतो तो हेड गॅस्केट, जुन्या कारागिरांच्या बोलीत हेडचे पॅकिंग. एवढ्याशा या पत्र्याकडे तीन निरनिराळ्या खात्यांचा बंदोबस्त एकाच वेळी सोपवलेला असतो. सिलिंडरात पेटणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्याच्यापासून बोटभर अंतरावर शंभर अंशांच्या आतबाहेर असलेले पाणी वाहत असते. आणि तेथूनच थोड्या अंतरावर दाबाखालचे ऑइल हेडमधील व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे चढत असते. यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या हद्दीत यत्किंचितही शिरू नये, एवढीच गॅस्केटची नेमणूक. परंतु ती किती बिकट आहे, याची कल्पना आकड्यांवाचून येत नाही.

उदाहरणासाठी प्रीमिअर पद्मिनीचे इंजिन घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट ११०० या गाडीच्या धर्तीवर घडलेली आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिरविणारी ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशके धावली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या सेवेतून कायमची निवृत्त झाली. तिच्या इंजिनाचे सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, आणि एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर. पेटलेल्या वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो एवढाच धरला, तरी ६८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर त्याचा जोर सुमारे १४५० किलो भरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा जवळजवळ दीड टनाचा हिसका प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा हेडला वर ढकलू पाहतो. हेड त्या जागी टिकते ते केवळ बोल्टांच्या आवळणीने, आणि गॅस्केट टिकते ते त्या आवळणीचा भार त्याच्या सर्वांगावर सारखा पडतो म्हणून.

त्यात भर पडते ती दोन धातूंच्या स्वभावभेदाची. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनिअमचे. तापल्यावर ॲल्युमिनिअम बिडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. ३० अंशांवरून १०० अंशांवर जाताना ३० सेंटिमीटर लांबीचे ॲल्युमिनिअम सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते आणि तेवढ्याच लांबीचे बीड जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणजे इंजिन तापताना आणि निवताना प्रत्येक वेळी हेड ब्लॉकवर किंचित सरकते आणि मधले गॅस्केट दोन्ही बाजूंनी ओढले जाते. नेहमीच्या तापमानात हे सरकणे गॅस्केट सहन करते, कारण त्याची रचनाच तशी केलेली असते. परंतु द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीच्या दिवसांत खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरमधून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको, की चढावर, खालच्या गिअरमध्ये, इंजिनावर पुरा भार आणि वाऱ्याचा झोत अपुरा अशा अवस्थेत तापमान मर्यादेबाहेर गेले म्हणजे हेड वाकते, गॅस्केट दबून जळते, आणि खाली उतरून पाणी भरून गाडी पुढे निघाली तरी आतले नुकसान होऊन गेलेले असते.

नुकसानीची बाह्य लक्षणे पुष्कळांना ठाऊक असतात : कूलंट वरचेवर कमी होणे आणि गळती कुठेच न दिसणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणे, किंवा ऑइल पाण्याशी घुसळले जाऊन ते फिकट तपकिरी आणि दाट होणे. यांतील शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर, कारण पाणी मिसळलेले ऑइल क्रँकच्या बेअरिंगांचे संरक्षण करू शकत नाही. ते दिसल्यावर गाडी चालवीत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळून ती ओढूनच न्यावी.

आता हेड उतरवण्याच्या क्षणाकडे येऊ. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्टांना पाना लावू नये, आणि आवळण्याचा जो क्रम कारखान्याने मुक्रर केलेला असतो त्याच्या उलट क्रमाने, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करीत ते सैल करावेत, हा नियम अव्वल दर्जाचा कारागीर कधी मोडत नाही. यानंतरची जी वेळ येते तिला मी या सबंध कामातील सर्वांत मोलाची वेळ मानतो, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी वाया जाते. हेड बाजूला होताच हात आपोआप खरवडणीकडे आणि रॉकेलच्या डब्याकडे जातात. वास्तविक या क्षणी काहीही न पुसता, काहीही न खरवडता, चांगल्या दिव्याच्या उजेडात नुसते पाहत राहिले पाहिजे. गॅस्केट का गेले याचा सारा पुरावा ब्लॉकच्या माथ्यावर आणि जुन्या गॅस्केटवर जसाच्या तसा उमटलेला असतो, आणि एकदा फडके फिरले की तो कायमचा नष्ट होतो.

मन लावून काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना हे करताना मी जवळून पाहिले आहे. जुने गॅस्केट त्यांनी फाडून काढले नाही. दोन्ही कडांनी हलकेच उचलून, जसे होते त्याच दिशेने जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडले आणि पुढची बाजू कोणती हे खडूने लिहून ठेवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर, जेथे गॅस्केटचा काठ सर्वांत चिंचोळा असतो, तेथे एक काळी वाट आरपार गेलेली होती. वायू एका सिलिंडरातून दुसऱ्यात शिरत असल्याची ती साक्ष. मग त्यांनी पिस्टनांच्या माथ्यांवर दिवा धरला. तीन पिस्टनांवर काजळीचा कोरडा काळा थर होता. एकाचा माथा मात्र कोणी घासून धुतल्यासारखा उजळ दिसत होता. “इथं पाणी शिरत होतं, वाफेनं काजळी धुऊन काढली,” एवढेच ते म्हणाले, आणि त्या सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवू लागले. निदानाची एवढी सोपी आणि एवढी खात्रीची खूण दुसरी क्वचितच असेल. परंतु सफाई आधी आणि तपासणी मागाहून, असा उलटा क्रम ठेवणाऱ्याच्या दृष्टीस ती कधीही पडणार नाही.

सिलिंडरच्या भिंती याच वेळी पाहून घ्याव्यात, कारण हेड पुन्हा बसल्यावर ती संधी राहत नाही. धडधाकट सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर होनिंगच्या बारीक तिरप्या रेघांची एकमेकींना छेदणारी जाळी दिसते. तिच्यात ऑइलचा थर धरून राहतो. ती जाळी झिजून भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली असेल, किंवा तिच्यावर नखाला अडकतील अशा उभ्या खोल रेघा पडलेल्या असतील, तर इंजिन बोअरला आले आहे, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घ्यावे लागणार आहेत, हे मालकाला तेथेच सांगणे प्रामाणिकपणाचे. सिलिंडरच्या अगदी वरच्या काठाशी, जेथवर पिस्टनची रिंग पोचत नाही, तेथे न झिजलेल्या धातूची एक कड राहिलेली असते. तिच्यावर नख अडकले तर खाली झीज किती झाली याचा अंदाज येतो, मग बोअर गेज लावून रुजुवात करावी. पाणी शिरलेल्या सिलिंडरात गंज धरलेला असण्याचा संभव असतो. तो नुसता वरवरचा तांबूस थर असेल तर ऑइलच्या फडक्याने निघून जातो. धातूला खड्डे पडले असतील तर निघत नाही, आणि त्या खड्ड्यांवरून रिंग धावू लागली की ऑइल जळू लागते.

एवढे झाल्यावर सफाई. तिच्याबद्दल पहिली ताकीद अशी की, काही काढण्याआधी जे आत पडता कामा नये त्याची वाट बंद करावी. प्रत्येक सिलिंडरात स्वच्छ, धागे न सुटणारे फडके घट्ट बसवावे. ऑइलच्या वाटांची तोंडे आणि पाण्याची भोके बुजवावीत. ऑइलच्या वाटेत गेलेला गॅस्केटचा एखादा कण पुढे व्हॉल्व्हच्या यंत्रणेचे ऑइल तोडू शकतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत काजळीचे कण शिरतात, त्यांच्यावर जुन्या कारागिरांचा एक फार चांगला उपाय आहे : पिस्टन थोडा खाली असताना त्याच्या कडेभोवती ग्रीसचे वेटोळे भरावे, सफाई आटोपल्यावर क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणावा, आणि कणांसकट वर आलेले ग्रीस पुसून घ्यावे. पद्मिनीसारख्या, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असलेल्या इंजिनात असे फिरवणे निर्धोक असते. ज्यांत कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि टायमिंगची साखळी किंवा पट्टा सुटलेला आहे, अशा इंजिनात ती साखळी किंवा तो पट्टा अडकणार नाही याची तजवीज करून आणि टायमिंगच्या खुणा नोंदवूनच क्रँक हलवावा.

खरवडण्याबद्दल एक गोष्ट मी आग्रहाने सांगू इच्छितो, कारण तिचा संबंध इंजिनापेक्षा माणसाच्या जिवाशी अधिक आहे. जुन्या गाड्यांचे गॅस्केट तांब्याच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचा थर घालून बनवलेले असे. ते कोरडेच खरवडले किंवा फिरत्या तारेच्या ब्रशने उडवले म्हणजे त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जातात, आणि त्यांच्यापासून होणारा कर्करोग कित्येक दशकांनंतर प्रकट होतो. म्हणून जुने गॅस्केट नेहमी ओले करून खरवडावे, भुगा ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावा, हवेच्या झोताने तो कधीही उडवू नये, आणि तोंडाला नुसता रुमाल न बांधता योग्य मुखवटा लावावा. गॅरेजमधल्या पोऱ्याकडे हे काम सोपवून बाजूला होणारा मालक त्या मुलाच्या आयुष्याशी खेळत असतो.

इंजिनाच्या दृष्टीने पाहिले तर बिडाचा ब्लॉक रुंद, धारदार खरवडणी सपाट धरून साफ करता येतो; ॲल्युमिनिअमच्या ब्लॉकवर तीच पोलादी खरवडणी चरे पाडते, म्हणून तेथे गॅस्केट मऊ करणारे रसायन लावून प्लॅस्टिकच्या पात्याने काम करणे श्रेयस्कर. कॉस्टिक सोड्याचे पाणी बिडाला चालते, ॲल्युमिनिअमला खाऊन टाकते, हेही ध्यानात असावे. हल्ली ड्रिलला खरखरीत चकती लावून क्षणार्धात पृष्ठभाग चकचकीत करण्याची पद्धत सर्रास रूढ झाली आहे. ती मला अत्यंत अनिष्ट वाटते. त्या चकतीतून ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे कठीण, सूक्ष्म कण सुटतात, ऑइलमध्ये मिसळतात, आणि क्रँकच्या मऊ बेअरिंगांत रुतून ती अल्पावधीत झिजवून टाकतात. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने अशा चकत्यांच्या विरुद्ध आपल्या कारागिरांसाठी खास परिपत्रक काढले आहे. शिवाय चकती हाताने धरलेली असल्यामुळे ती जेथे अधिक रेंगाळते तेथे खळगा पडतो, आणि चकाकणारा तो पृष्ठभाग दिसायला सुरेख असला तरी सपाट राहत नाही.

यानंतरचे काम बाहेरून क्षुल्लक दिसते आणि त्याची हयगयही तितकीच होते : हेडचे बोल्ट ज्या भोकांत आवळले जातात त्या भोकांची सफाई. यांतली पुष्कळ भोके खालून बंद असतात, आणि हेड उतरवताना सांडलेले पाणी व ऑइल त्यांच्या तळाशी साचून राहते. द्रव पदार्थ दाबला जात नाही. अशा भोकात बोल्ट आवळत गेले म्हणजे खाली अडकलेल्या पाण्याला वाट मिळत नाही, त्याचा दाब भयंकर वाढतो, आणि ब्लॉकला तेथेच तडा जातो; तडा गेला नाही, तरी बोल्ट हेडवर पुरा बसण्याआधीच टॉर्क पान्याचा काटा ठरलेला आकडा दाखवतो. शिवाय बोल्टावर आपण जो जोर लावतो त्याचा बहुतांश भाग आट्यांच्या आणि बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्ची पडतो आणि साधारण दहावा हिस्साच हेड दाबून धरण्याच्या उपयोगी येतो. तेव्हा आटे गंजलेले किंवा मळलेले असतील तर त्या दहाव्या हिश्शातलाही किती उरेल याचा हिशेब कोणी द्यावा? म्हणून प्रत्येक भोक रॉकेलने धुवावे, आटे साफ करण्याच्या खास टॅपने हलक्या हाताने साफ करावे (नवे आटे पाडण्याचा धारदार टॅप धातू कापतो, तो वापरू नये), आणि तोंडावर फडके धरून, डोळ्यांना चष्मा लावून, हवेने कोरडे करावे. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांचे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात. असे बोल्ट पुन्हा वापरण्यास कारखान्याचीच मनाई असते.

पृष्ठभाग स्वच्छ झाल्याखेरीज तो सपाट आहे की नाही, हे कळत नाही, आणि ते केवळ डोळ्यांनी पाहूनही कळत नाही. त्यासाठी अचूक घडवलेली पोलादी सरळपट्टी आणि फिलर गेज लागते. पट्टी ब्लॉकच्या माथ्यावर लांबीने दोन्ही कडांशी आणि मध्ये, रुंदीने सिलिंडरांच्या मधल्या पट्ट्यांवर, आणि दोन्ही कर्णांवर अशी ठेवत जावे, मागून दिवा धरून पट्टीखालून उजेड कोठे झिरपतो ते पाहावे, आणि तेथे फिलर गेजचे कोणते पान आत जाते त्याची नोंद करावी. प्रत्येक इंजिनाची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुष्कळ इंजिनांच्या बाबतीत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढी असते. एवढ्या अंतराला काय महत्त्व, असे वाटणाऱ्याने सेकंदाला २५ वेळा बसणारा तो दीड टनाचा हिसका आठवावा. बोल्टाच्या भोकांभोवती धातू वर ओढला जाऊन बारीक उंचवटे आलेले असतात, तेही पट्टीने कळतात आणि तेलाच्या दगडाने हलकेच उतरवता येतात. मात्र सबंध माथाच मर्यादेबाहेर वाकलेला असेल, तर इंजिन उतरवून ब्लॉक मशीनवर नेण्याला पर्याय नाही, आणि तेथेही जेवढा धातू काढला जाईल तेवढा पिस्टन हेडच्या जवळ येतो, हे ध्यानात ठेवून कमीत कमी काढावा. पोलादाच्या अनेक पातळ पदरांचे जे नवे गॅस्केट आता सर्वत्र आले आहे ते जुन्या ॲस्बेस्टॉसच्या गॅस्केटइतके क्षमाशील नाही. त्याला अधिक गुळगुळीत आणि अधिक सपाट पृष्ठभाग लागतो, म्हणून हातानेच पुरेसे साफ केले, हा जुना निकष त्याला लागू पडत नाही.

ट्रॅक्टर, ट्रक आणि इतर डिझेल इंजिनांच्या बाबतीत आणखी एक मोजमाप अनिवार्य ठरते. त्यांतील पुष्कळांचे सिलिंडर हे ब्लॉकमध्ये स्वतंत्र बसवलेले लायनर असतात आणि त्यांचा काठ ब्लॉकच्या माथ्यापेक्षा ठराविक अंशाने वर आलेला असावा लागतो; सर्व लायनरांची ही उंची डायल गेजने मोजून सारखी आहे का, हे पाहावे लागते, कारण एक जरी लायनर खाली बसलेला असला तरी त्याच्याभोवतीचे गॅस्केट पुरते दाबले जात नाही. तसेच कित्येक डिझेल इंजिनांसाठी एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या मिळतात, त्यांच्या कडेला ओळखीच्या खाचा किंवा भोके पाडलेली असतात, आणि पिस्टन माथ्याच्या किती वर येतो ते मोजून त्यांतली योग्य जाडी निवडावी लागते. दुकानदाराने दिले ते बसवले, असे येथे चालत नाही.

तड्यांचा शोध हे सर्वांत चिकाटीचे काम. तडा बहुधा दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या भागात, किंवा सिलिंडरकडून जवळच्या पाण्याच्या भोकाकडे जातो, आणि नुसत्या डोळ्यांना तो खरवडणीच्या चऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही. आता त्यासाठी लाल रंगाचे भेदक द्रव मिळते, ते लावून, पुसून, वर पांढरी पूड फवारली की तड्यात शिरलेला रंग लाल रेघ होऊन बाहेर येतो. बिडाच्या ब्लॉकवर चुंबकीय चाचणीही करता येते. हे साहित्य नसले, तर रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, पृष्ठभाग कोरडा पुसावा आणि खडूची पूड चोळावी. तड्यातले रॉकेल पुडीवर ओलसर रेघ उमटवते. ही युक्ती जुनी आहे, स्वस्त आहे, आणि आजही खरी उतरते.

पाण्याच्या पोकळ्यांबद्दल महाराष्ट्रातील वाचकाला विशेष सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे, विशेषतः पठारी भागात, बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय फार. त्या पाण्यातील क्षार सिलिंडरांच्या बाहेरच्या भिंतींवर थर धरून बसतात, त्यांतून उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि बिडाचा गंज गाळ होऊन ब्लॉकच्या मागच्या, सर्वांत खालच्या कोपऱ्यात साचतो, म्हणजे शेवटच्या सिलिंडरच्या पायथ्याशी. रेडिएटर कितीही नवा घातला तरी हा गाळ तेथेच राहतो. हेड उतरलेले असताना ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून, वाकवलेल्या तारेने गाळ सैल करून, पाण्याच्या धारेने तो धुऊन काढणे ही तासाभराची गोष्ट असते; एरवी ती कोणाकडूनही होत नाही. त्याच वेळी ब्लॉकच्या कुशीतली भोके बुजवणारे पत्र्याचे वेल्श प्लग गंजून पातळ झाले आहेत का, पाण्याचा पंप फिरताना डळमळतो का, आणि गरम पाण्यात टाकल्यावर थर्मोस्टॅट उघडतो का, तेही पाहावे. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. त्याला तापवणारा दुसरा कोणीतरी असतो, आणि तो इंजिनात तसाच राहिला तर नव्या गॅस्केटची मुदतही जुन्याइतकीच समजावी.

पुढची जोडणी वास्तविक सोपी. फडकी मोजून बाहेर काढावीत, सिलिंडरांना ऑइलचा पातळ हात द्यावा, कारण धुतलेले बीड दमट हवेत काही तासांत गंज धरते. हेड नेमके बसविणारे डॉवेल जागेवर आहेत हे पाहून गॅस्केट योग्य बाजूने, पुस्तिकेत सांगितले नसल्यास शेलॅक वगैरे काही न लावता कोरडे बसवावे. बोल्ट मध्याकडून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. ऑइल आणि फिल्टर बदलावेच. पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनात काही शे किलोमीटरनंतर थंड असताना बोल्ट पुन्हा एकदा आवळून टॅपेट तपासण्याचा प्रघात होता. नव्या गॅस्केटला बहुधा त्याची गरज नसते.

गाडी मालकाला यातले काहीच स्वतः करता आले नाही, तरी एक गोष्ट त्याच्या हाती खचित आहे. हेड उतरले की काहीही पुसण्याआधी मला बोलवा, असे मिस्त्रींना आधीच सांगून ठेवा. जाऊन ब्लॉक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सरळपट्टीखाली आलेले आकडे कागदावर लिहून मागा. आणि या तपासणीला व सफाईला जो एक दिवस अधिक लागेल त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.